लग्नसराईतलं इंजेक्शन

आमचे शेजारी नाना डायबेटिसचं इंजेक्शन आणायला बर्फ भरलेला थर्मास घेऊन निघतात, थाट अगदी वरातीचा! परवा मीही सोबत होतो.

"संपलं, नाना," औषधवाला म्हणाला. "लग्नसराई आहे. याने भूक मरते ना, वरमायांना बारीक व्हायचंय."

"अरे, माझ्या पायाची जखम भरत नाहीये!"

"त्यांचे ब्लाउज बसत नाहीयेत."

मी हसलो, आणि ते हसू तोंडातच कडू झालं. ज्या सुईने एकाचा पाय वाचायचा, ती दुसऱ्याचा फोटो वाचवायला गेली. परतताना थर्मासात नुसता बर्फ खुळखुळत होता.

संध्याकाळी एका लग्नात सडसडीत वरमाईने नानांच्या पानात आग्रहाने जिलबी वाढली. "घ्या हो, एकीने काय होतंय?"

तिचं स्वतःचं पान रिकामंच होतं. तिला म्हणे हल्ली भूकच लागत नाही.