पाळीत पुरलेली सून

खोटी गोष्ट कानावर पडली की मला गप्प बसवत नाही. हा माझा जुना रोग आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी सांगू लागलं की अमक्या किल्ल्यातून थेट चांद्यापर्यंत भुयार जातं, घोडेस्वार जाईल एवढं, तर माझा घास हातातच राहतो. मी विचारते, मधे वैनगंगा लागते, ती भुयारानं कशी ओलांडली? शेजारी बसलेला नवरा कोपर मारतो. वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या आमच्या जिल्ह्यांत प्रत्येक किल्ल्याला भुयार आहे, प्रत्येक टेकाडाखाली सोन्याचे हंडे आहेत, आणि प्रत्येक जुनं देऊळ एका रात्रीत बांधलेलं आहे. फक्त कळसाच्या वेळी कोंबडा आरवला म्हणून काम राहिलं. कोंबड्यांनी आमच्याकडे जेवढी बांधकामं अडवली तेवढी कंत्राटदारांनीही अडवली नसतील. हे मी चारचौघांत बोलून दाखवते आणि लोकांचा विरस करते. विरस झाल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकदाच वाटलं, आणि त्याला काही वर्षं झाली तरी अजून मला स्वस्थता नाही.

चामोर्शीकडच्या एका गावात मी तेव्हा शाळेवर होते. धानाचं गाव. वरच्या अंगाला मालगुजारीतला, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला मोठा तलाव, त्याची पाळ, म्हणजे मातीचा लांब बांध, आणि पाळीतून शेतात पाणी सोडायला बांधलेलं तुडूम. तुडूम म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं दगडी बांधकाम. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकाला लाकडी खुंटा. पाणी हवं तसा एकेक खुंटा काढायचा. वरचे खुंटे हातानं निघतात. खालचे काढायचे तर माणसाला बुडी मारावी लागते.

या तलावाची एक गोष्ट होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मच्छीमार सोसायटीचे लोक एक दिवस ठरवून जाळी टाकत. त्या सकाळी सगळं गाव पाळीवर जमे, आणि सोसायटीतला सगळ्यात म्हातारा ढिवर (ढिवर म्हणजे आमच्याकडची मासेमार जात), मी त्यांना भाऊ म्हणायची, नारळ फोडून ती गोष्ट सांगे. मालगुजारानं तलाव बांधला, पण पाळ टिकेना. तीनदा फुटली. मग देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, सवाष्ण दे. कुणी तयार होईना. शेवटी एका ढिवरानं आपली सून दिली. तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, आणि पाळीच्या खड्ड्यात उभी केली. माती गळ्याशी आली तेव्हा तिनं एवढंच मागितलं, की दरसाल माझ्या घरचं जाळं आधी पडू द्या. भाऊंचा आवाज इथं कापत असे. बायका डोळ्यांना पदर लावत. मग पाळीवरच्या शेंदूर फासलेल्या दगडावर लुगडं पांघरायचं आणि त्या घरचं जाळं पहिलं पाण्यात पडायचं. ते निघेपर्यंत बाकी कुणी जाळ्याला हात लावायचा नाही.

त्या घरात आता एक म्हातारी बाई उरली होती. मुलगा दर हंगामाला मिरची तोडायला तेलंगणात जाई. नवरा फार वर्षांपूर्वी त्याच तलावात बुडून मेला होता. दारू पिऊन उतरला आणि बुडाला, असं मला गावात आल्या आल्या तिघाचौघांनी सांगितलं होतं. बाईंचं जाळं शेजारी टाकून देत, पण त्यातली मासोळी त्यांची. ती वाळवून त्यांचा पावसाळा निघे. आणि त्या एका सकाळी सरपंचापासून सगळे त्यांच्यासाठी खोळंबून उभे राहत. एरवी वर्षभर त्यांना कुणी विचारत नसे.

मला त्या गोष्टीचा राग होता. एका बाईला जिवंत पुरलं आणि वर त्याचा सोहळा करता? बरं, पुरलं तरी होतं का? अशाच सुना मी आरमोरीकडच्या तलावात ऐकल्या होत्या, धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यातही. इतक्या सुना पुरल्या असत्या तर आमच्या भागात लग्नाला मुली उरल्या नसत्या.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला तुडूम दुरुस्तीला आलं. पाळ खोदायला मशीन आली, आणि शेंदराचा दगड नेमका मधे येत होता. तो बाजूला काढून तिथंच खोदायचं ठरलं. मी सातवीचा वर्ग घेऊन पाळीवर गेले. मशीननं पार जुन्या पायापर्यंत माती काढली. निघालं काय, तर मुरूम, दगडगोटे आणि कुजलेलं सागवान. मी मुलांना खड्ड्याच्या काठावर उभं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बघा नीट. हाडूकसुद्धा नाही. इथं कुणालाच पुरलेलं नाही." भोवती मोठी माणसंही होती. मला फार बरं वाटलं, खोटं का सांगू. शाळेच्या भिंतीवर मुलांकडून मोठा कागद लिहून घेतला, त्यात हेच लिहिलं.

आठवड्यानं सोसायटीचा सचिव शाळेत आला. चाळिशीचा, शिकलेला, कामाचा माणूस. म्हणाला, "मॅडम, तुमी बरं केलं. आमी किती सालापासून म्हनून राह्यलो, सारे सभासद सारखे, मंग एकाच घरचं जाळं आधी काऊन? आता मीटिंगमंधी ठराव झाला. पुरलीच नाई त हक्क कायचा?"

मी विचारलं, "भाऊ काही बोलले नाहीत?"

"ते का बोलतील? खड्डा त त्यायनंबी पाह्यला."

तो गेला आणि मला शिकवणं सुचेना. मी गोष्ट खोटी पाडायला निघाले होते, बाईंचा पावसाळा काढून घ्यायला नव्हे. पण तर्कात त्याची चूक तरी काय होती? घरी येरझारा घालून नवऱ्याला वैताग आणला. तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. आता जा आणि बोल त्यांच्याशी." दोन दिवस माझं धाडस झालं नाही.

गेले तेव्हा बाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी बसायला पोतं टाकलं. मी म्हणाले, "बाई, माझ्यामुळं तुमचं जाळं गेलं."

"पुरली नाई हे मले माईत होतं," त्या म्हणाल्या. "माह्या सासूनं सांगतलं होतं. तुडूमाचे खालचे खुंटे काढाचं काम आमच्या घरचं. थंडीत, पुरात, कवाबी हाक आली की उतराचं. त्याच्यापायी पहिलं जाळं. सून-बिन कोनी पुरली नाई."

"मग इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून का घेतलीत?"

"लोकं कामाचा मान ठेवते का, मॅडम? देवीचा ठेवते."

त्या फुलं उलटवत राहिल्या आणि मग, मी विचारलंही नसताना, म्हणाल्या, "माह्या मानूसबी पेला नव्हता."

पुराचं वर्ष होतं. सकाळपासून धार लागलेली, तलाव काठोकाठ, पाळ एका जागी झिरपू लागलेली. गावातले पाचसहा जाणते पाळीवर जमले आणि त्यांनी बाईंच्या नवऱ्याला बोलावलं. तळाचा खुंटा काढला तरच पाणी उतरणार होतं. त्याच्या कमरेला दोर बांधला आणि त्याला उतरवलं. बाई मुलाला कडेवर घेऊन पाळीवरच होत्या. खुंटा निघाला, पाणी सुटलं, पाळ वाचली. माणूस वर आला नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि विचारू लागले, एवढ्या पुरात याला पाण्यात कुणी घातलं? तेव्हा जाणत्यांनी सांगितलं, पिऊन आपणच गेला.

"तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही?"

"मले कोनं विचारलंच नाई. पोराले मातर सारं गाव दारुड्याचा म्हने. तो अजूनबी तसंच समजते. मी सांगतलं त म्हन्ते, माय हायेस म्हनून सांगतेस."

"दोर कुणाच्या हातात होता, बाई?"

त्यांनी भाऊंचं नाव घेतलं.

मी उठले ती सरळ भाऊंच्या घरी गेले. वाटेत मला स्वतःचीच चीड येत होती. कुणी कधी न पाहिलेल्या सुनेसाठी मी पाळ खोदलेली उभी राहून पाहिली, मुलांना घेऊन गेले, आणि चाळीसेक वर्षांपूर्वीच्या, माहीत असणारी माणसं जिवंत असलेल्या मरणाबद्दल तिघाचौघांनी सांगितलं ते मान हलवून ऐकून घेतलं. इतिहासाचा कागद भिंतीवर लावणारी मी. मला दारुड्याचं मरण लगेच पटलं, कारण ते साधं होतं आणि ढिवराचं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

भाऊ ओसरीवर जाळं विणत होते. मी दोराचं विचारलं तसा त्यांचा हात थांबला. "मॅडम," ते म्हणाले, "जुनं उकरू नोका."

"तुम्ही दरसाल उकरता की, भाऊ. पुरलेली सून सांगता ती."

"ते गोष्ट हाये."

"आणि ही?"

ते उठून आत गेले. त्यांची सून बाहेर येऊन म्हणाली, त्यायले बरं नाई. मी परत आले, आणि पुढचे दिवस तसेच गेले. सचिवाला बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम, हे ऐकीव झालं, कुणी पाह्यलेला मानूस आना. पाहिलेली बाई दोन घरं सोडून राहत होती, पण तिचं पाहणं धरायला तो तयार नव्हता. शाळेच्या भिंतीवरचा कागद मी काढून टाकला. मुलांनी विचारलं, मॅडम, चुकीचं होतं का? मी म्हणाले, अर्धं होतं.

जाळी टाकायचा दिवस आला. पाळीवर नेहमीची गर्दी होती, पण दगड नव्या मातीत तिरका बसवलेला आणि त्यावर लुगडं नव्हतं. सगळ्यांनी एकदमच जाळी टाकायची असं ठरलेलं. बाई आल्या होत्या. त्या लांब, वडाखाली उभ्या होत्या, हातात रिकामं टोपलं. ते टोपलं त्यांनी कशाला आणलं असेल?

सचिवानं भाऊंच्या हातात नारळ दिला. "फोडा, भाऊ. गोष्ट नाई सांगाची यंदा."

भाऊ नारळ धरून उभे राहिले. लोक वाट पाहत होते, कुणी म्हणालंही, फोडा ना, ऊन चढून राह्यलं. भाऊंनी नारळ खाली ठेवला आणि म्हणाले, "सून कोनी पुरली नाई. पन ह्या घरचा मानूस ह्या तुडूमात मेला. आमी उतरवला होता त्याले. पेला नव्हता तो."

एवढंच. आवाज कापला नाही, हात हलले नाहीत. दरसाल बायकांना रडवणारा माणूस हे सांगताना धानाचा भाव सांगतोय असं वाटलं. त्या वेळचे आणखी दोघं म्हातारे गर्दीत होते. ते जमिनीकडे पाहत राहिले, पण कुणी नाही म्हणालं नाही.

सचिव वाईट माणूस नव्हता. तो वडाकडे वळून म्हणाला, "बाई, या. तुमचं जाळं आधी टाकू."

बाई पुढे आल्या. "जाळं पडन," त्या म्हणाल्या. "आधी पोराले फोन लावाचा हाये." त्यांनी पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. मी नंबर लावला. पलीकडे मुलगा बोलू लागला, मागं मिरचीच्या शेतातली माणसं एकमेकांना तेलुगूत हाका मारत होती. बाईंनी माझ्याकडून फोन घेतला आणि एक शब्द न बोलता भाऊंच्या पुढे धरला.

भाऊंनी फोन घ्यायला वेळ लावला. मग दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"बाबू, मी बोलून राह्यलो. तुह्या बाप पेऊन नव्हता गेला. आमीच उतरवला. दोर माह्या हातात होता. दोनदा झटका दिला त वर ओढाचं, असं ठरलं होतं." ते थांबले. "दोनदाच आला, बाबू. मले वाटलं पानी ओढून राह्यलं. मी नाई ओढलं."

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. भाऊ बराच वेळ नुसते ऐकत उभे होते. मग त्यांनी फोन बाईंना परत दिला.

बाईंनी तो कानाला लावला. "आयकलं ना आता?" त्या म्हणाल्या.