सहीविना नक्षी

मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या एका नव्या कंपनीत आहे. "बाबा, आमच्याकडे कामाची काही पद्धतच नाही, पण मजा येते," असं ती परवा म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. ही मजा मी सत्तरच्या दशकात सोलापुरात पोटभर बघितली आहे. आठवलं की अजून शिसारी येते.

एकमेकांचे मेहुणे असलेल्या दोघांनी मिळून चादरींचा नवा कारखाना काढला होता. तिथे मी नक्षी काढायचो. चौकटींच्या कागदावर मी रंग भरायचे, त्यावरून मामांनी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आणि कार्डांची माळ मागावर चढली की भोकं सांगतील तसा माग विणणार. प्रोग्रामच की तो! मामा तेलुगू विणकर घरातले, साठीला टेकलेले. सगळेच त्यांना मामा म्हणत.

बाजारात कुणाकडे नसेल अशी चादर मालकांना हवी होती. म्हणजे कशी, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. थोरला सकाळी पान चघळत यायचा आणि मोराची मान लांब करायला सांगायचा. दुपारी धाकटा यायचा, "मोर कशाला? कमळ टाक." एकमेकांना विचारायची दोघांनाही गरज वाटत नसे. मीही कागद बदलायचा कंटाळा करून मामांना तोंडीच सांगायचो आणि मोकळा व्हायचो.

"मालक, आधी कागदावर सही करा की. मग भोकं पाडतो," मामा एकदा म्हणाले.

"आरं, सही करत बसलो तर धंदा कवा करायचा?" थोरला हसला. मीही हसलो, लाचारासारखा.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यासाठी नमुना विणला. अर्धी कार्डं सकाळच्या हुकमाची, अर्धी दुपारच्या. चादरीवर कमळाच्या देठातून मोराची मान निघाली होती! वेळ नव्हता म्हणून तीच पाठवली, आणि दोघा मालकांनी सगळ्यांसमोर मामांना झापलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही निरोप मीच तर पोचवले होते. मी म्हणालो, "भोकं मामांनी पाडली." ते खोटं नव्हतं, त्याचीच जास्त घाण वाटते. मामांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

आठवड्याने व्यापाऱ्याचं पत्र आलं. नक्षी एकदम नवी आहे, अशाच चादरी पाठवा. थोरल्याने पेढे वाटले आणि कल्पना आपलीच होती असं सांगत सुटला. पण एवढा माल एका मागावर निघणार नव्हता, ती नक्षी कागदावर कुठेच नव्हती, आणि बाकीच्या मागांसाठी कार्डांवरून कार्डं उतरवणं मामांशिवाय कुणाला जमत नव्हतं. मलाच त्यांच्या घरी पिटाळलं.

मामा दारात आले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चूक माझी नव्हती, हे तू मालकांना सांगितलं काय?"

"आधी चला तर मामा, मग सांगतो की."

त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबले आणि दार लावून घेतलं.