वरचा थर

रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीला लागून खताचा ढीग होता. जमीन मालकाची, भिंत मालकाची, पण ढीग तिथे कामाला असलेल्या मावशीच्या नवऱ्याचा, यावर कुणी वाद घालत नसे. माणूस मुलखाचा बडबड्या. वाळली पानं, भाजीची देठं, शेण असे थर रचताना बायकोला ऐकवायचा, "आपण नुसते वाढपी गं. जेवणारी मंडळी आत बसलीयेत." बुरशी आधी पानं मऊ करते, मग किडे येतात, मग गांडुळं, एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. त्या मंडळींनाही हवा लागते, म्हणून दर आठवड्याला दोघं दाताळ्याने ढीग वरखाली करत. मावशी कंबर धरून कुरकुरायची, तरी करायची.

एका सकाळी त्याने नवा थर घातला, हात धुतले, आणि दुपारी छातीत कळ येऊन तो गेला.

त्यानंतर मावशीने ढिगाला दाताळं लावलं नाही. पाणी मात्र रोज शिंपडलं. वरची पानं त्याच्या हातची. ती उलथायची म्हणजे त्याचं शेवटचं काम मोडायचं, ते तिच्याने होईना. वेडेपणाच होता, पण दुःखात शहाणं कोण असतं?

ढीग आतून गुदमरला. असा वास सुटला की गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून परत फिरू लागली. शेवटी मालक आला. वाईट नव्हता बिचारा. नजर चुकवत म्हणाला, "मावशी, उद्या गाडी बोलावतो. हे सगळं उचलून टाकू."

"ह्यांचं आहे ते."

"त्यांचं होतं तेव्हा असं नव्हतं."

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने पदर खोचला आणि दाताळं उचललं. ह्यांची पानं तेवढी टोपलीत जपून ठेवू, असं तिने ठरवलं होतं. वर नुसती झाडावरून नंतर गळलेली पानं होती. ती सारली तर खाली काळा, चिकट लगदा. गांडुळं मरून पडली होती. कडेच्या जरा कोरड्या भागात थोडी एकमेकांना चिकटून जगली होती. मावशीने मूठभर लगदा उजेडात धरला, बोटांनी चिवडला, पुन्हा पुन्हा चिवडला. त्याने घातलेलं कुठलं, काही केल्या ओळखू येईना.

टोपली रिकामीच राहिली. डोळे पुसून तिने सगळा ढीग उलथायला घेतला.