सायेबांचे कोरीटचे वकील

परग्रहावरून खरोखरच कोणी पृथ्वीवर उतरलं, तर त्याने दिल्लीला किंवा विलायतेला जाण्यात वेळ घालवू नये, सरळ कोरीट नावाचं खेडं गाठावं. तिथे माझे मामेसासरे राहतात, आणि अशा पाहुण्याला आधी पाणी द्यायचं की चहा, याचा पुरता विचार केलेला त्यांच्याइतका दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. शेती, मिरची वाळवायची एक मोठी पथारी आणि एक विलायती कादंबरीकार, एवढाच त्यांचा संसार. हा कादंबरीकार कधीच वारला. विज्ञानाच्या अद्भुत गोष्टी लिहायचा. मामा त्याला नुसतं ‘सायेब’ म्हणतात, जणू तो तालुक्याच्या कचेरीत बसतो. बदली होऊन गेलेल्या एका मास्तरांनी मागे ठेवलेला त्याच्या कादंबरीचा मराठी अनुवाद मामांनी इतक्यांदा वाचलाय की, पानांच्या कडा मिरचीच्या बोटांनी लाल झाल्या आहेत. मी एकदा ते पुस्तक चाळलं आणि नकळत डोळा चोळला. सायेबांच्या लेखणीची धार मला तेव्हा कळली.

गोष्ट साधी आहे. आभाळातून पडलेल्या एका परक्याला खेड्यातला लोहार घरात लपवतो, जीव लावतो, आणि शेवटी तो परका टेकडी चढून निघून जातो. मागे वळून बघत नाही. या शेवटच्या ओळीवर मामांचा भारी जीव. या कादंबरीवर निघालेले तीन सिनेमे आणि एक मालिका त्यांनी हिंदीत पाहिली आणि चारही वेळा त्यांचं डोकं फिरलं. एकात लोहाराने बंदूक काढली, दुसऱ्यात परक्याने लोहाराच्या मुलीशी लग्न लावलं, मालिकेत तर तो परत येण्याचं कबूल करून गेला. आमच्या घरी तिसरा सिनेमा लावला, तेव्हा मामा पुस्तक मांडीवर घेऊन वकिलासारखे बसले होते. दर दहा मिनिटांनी हात वर करून म्हणायचे, ‘‘थांबाडा! सायेबनी असं लिखेल नही.’’ दीड तासाचा सिनेमा आम्ही साडेतीन तास पाहिला. माझी बायको मध्येच उठून खिचडी टाकून आली.

आता गंमत अशी, की सायेबांच्या गोष्टीत सगळ्यात जास्त ढवळाढवळ कोणी केली असेल, तर ती मामांनीच. हंगामात पथारीवर बायका देठ खुडायला बसल्या, की नाकाला पदर बांधलेल्या त्या घोळक्यासमोर मामा ही कादंबरी अहिराणीत सांगतात. रोज थोडी थोडी, देवळात पोथी लावावी तशी. त्यांचा लोहार कोरीटचा आहे. त्याची बायको परक्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढते, आणि दुसऱ्या ग्रहावरचा तो जीव ठेच्याने नाक पुसत आणखी मागतो. पुस्तकात नुसता पाव आहे, असं मी म्हणालो, तर मामा गंभीरपणे म्हणाले, ‘‘जवाईबापू, सायेब कोरीटले येता, तर तोबी हाईच लिखता.’’ शेवट मात्र ते कुणाला शिवू देत नसत. हंगामाच्या शेवटच्या दिवशी परका टेकडीकडे निघाला, की नवापूरकडून दरसाल येणारी एस्तरबाई मामांना हमखास म्हणायची, ‘‘आप्पा, आवंदा तरी त्याले मांगे दखू द्या ना!’’ मामा मान हलवायचे. ‘‘मी कोन शे, बई? सायेबनं लिखेल शे.’’ सगळ्यांचे डोळे भरलेले असायचे, आणि नाव मिरचीचं व्हायचं.

मामांनाही त्याच मिरचीने फसवलं. अक्षरं पुसट झाली, डोळ्यांना पाणी येऊ लागलं, तरी ते म्हणत, पथारीवर कोणाचे डोळे चांगले असतात? दोन हंगाम त्यांनी असेच काढले. मी ओढून डॉक्टरकडे नेलं, तोवर काचबिंदूने आपलं काम केलं होतं. उजेड-अंधार कळेल, वाचता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. येताना गाडीत मामांनी सगळी वाट ते पुस्तक मांडीवर धरलं होतं. मला फार वाईट वाटलं. आधीच का ओढून नेलं नाही, म्हणून स्वतःचा रागही आला.

यंदा मामांनी पथारीवर गोष्ट लावलीच नाही. ‘‘आते दिसत नही, बई. पुस्तक बंद,’’ म्हणाले. एस्तरबाईने हातातली मिरची टोपलीत टाकली. ‘‘तुमी बठा, आप्पा. मी सांगस.’’ आणि तिने खरंच गोष्ट सांगितली, रोज थोडी थोडी. तिच्या गोष्टीत भाकरी नागलीची, म्हणजे नाचणीची झाली आणि टेकडी तोरणमाळच्या घाटाएवढी उंच. मामा ऐकत राहिले.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पुस्तक माझ्या हातात शेवटच्या पानावर उघडं होतं. परका घाट चढू लागला, बायकांचे हात थांबले. एस्तरबाईने एकदा मामांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, ‘‘आनि मंग त्यानी मांगे वळीसन दखं.’’

मामांचा हात वर गेला. मी मनात म्हणालो, आता थांबवतात! पण तो हात तसाच हवेत राहिला, आणि मग हळूच खाली आला. आवाज येत होता त्या बाजूला त्यांनी तोंड वळवलं.

‘‘मंग?’’ मामा म्हणाले. ‘‘मंग त्याले काय दिसनं, बई?’’

एस्तरबाई सांगू लागली. मी पुस्तक मिटलं आणि मामांच्या मांडीवर ठेवलं.