क्लाराला देश सोडायचाय

काशीदच्या भागुबाईंनी घरामागं दोन खोल्या बांधल्या त्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. माणसं यायची, मासे खायची, जायची. वर्षभर कुणी मुक्काम ठोकेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. मग पोर्तुगालहून तियागो आणि त्याची बायको इनेश आली. जवळच्या कोर्लई गावात अजून जुन्या पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तियागोला तिचा अभ्यास करायचा होता.

पहिल्याच दिवशी भागुबाई म्हणाल्या, "ही घ्या चावी," आणि इनेश खुदकन हसली. तिच्या भाषेतही चावी जवळपास तशीच होती. मग पाव निघाला, बटाटा निघाला. तेवढ्या भांडवलावर दोघींची गट्टी जमली.

पुढं इनेशला दिवस गेले. बाळंतपणाला मायदेशी जायचं ठरलं, तिकिटंही काढली. पण बाळाला कुठला धीर! एका सकाळी कळा सुरू झाल्या आणि अलिबागहून गाडी पोचायच्या आत भागुबाईंच्या माजघरात मुलगी जन्मली. त्यांची सून दिपाली उपकेंद्रात नर्स. सुटका तिनं केली. भागुबाई इनेशचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मागाहून मायलेकींना दवाखान्यात हलवलं. मुलीचं नाव ठेवलं क्लारा.

बाळ बाळसं धरू लागलं तसा तियागो काळजीत पडला. त्याचा आणि इनेशचा व्हिसा संपत आला होता. ते दोघं जाऊ शकत होते, क्लारा नाही. आईबाप परदेशी, म्हणून ती इथली नागरिक नव्हती. आणि तिच्या नावावर ना पासपोर्ट, ना व्हिसा. विमानतळावर तिला कोण सोडणार?

"एवढंसं पोर, त्याला सरकार अडवतंय?" भागुबाईंनी विचारलं.

"नियमच आहे, आई," दिपाली म्हणाली. "आधी जन्मदाखला, मग त्यांच्या वकिलातीतून पासपोर्ट, मग अलिबागहून देश सोडायची परवानगी."

"मग उठा की! बसून काय व्हनार हाय?"

ओळखीच्या एका एजंटानं सोपी वाट सुचवली. "जन्म दवाखान्यातच झाला म्हणून सांगा. घरातला जन्म म्हटलं की दहा प्रश्न येतात. कुणाला कळतंय?"

थकलेला तियागो तयारही झाला. भागुबाई मात्र हटल्या नाहीत.

"मला कळतंय ना! पोरगी माझ्या घरात जनमली. खोट्या कागदावर तिला मी पाठवायची न्हाय. उद्या कुठं अडली, तर आईबापानं काय सांगायचं?"

मग खरे कागद जमवायला सुरुवात झाली. दिपालीनं उपकेंद्राचा अहवाल दिला, भागुबाईंनी ग्रामपंचायतीत जाऊन जबाब दिला. दाखल्यावर जन्मस्थान आलं काशीद, आणि तेच पुढं पासपोर्टवर चढलं.

परवानगीसाठी अलिबागच्या कचेरीत भागुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, दिपालीला बरोबर घेऊन गेल्या. अधिकाऱ्यानं संगणकात पाहिलं. "भारतात प्रवेश कधी केला? इथं रिकामं आहे."

"ती आली न्हाय, साहेब. ती हितंच झाली. माझ्या माजघरात."

साहेबांना हसू आलं. "आजी, परदेशी माणूस घरात ठेवला की पोलिसांना कळवावं लागतं. कळवलं होतंत?"

"पयल्याच दिवशी. सुनेच्या मोबाईलवरून."

त्यांनी शोधून पाहिलं, नोंद होती. "सगळे घरमालक असे असते, तर आमचं काम निम्मं झालं असतं," ते म्हणाले. भागुबाईंनी पदर सावरला आणि सुनेकडं असं पाहिलं, की दिपालीलाच लाजल्यासारखं झालं.

परवानगी आली. विमानतळापर्यंत सोडायला भागुबाई आणि दिपाली दोघी निघाल्या; गाडीत भागुबाई क्लाराला मांडीवर घेऊन बसल्या. दारावरच्या जवानानं पासपोर्ट उघडला, पोर्तुगीज नाव वाचलं आणि चमकून मान वर केली.

"जन्म काशीदला? हे कुठं आलं?"

"मुरुडच्या रस्त्याला," भागुबाई म्हणाल्या. "कधी या. खोल्या हायेत."

इनेश त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि आत गेली. भागुबाई हलल्या नाहीत. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तरी नाही. शेवटी दिपालीचा मोबाईल वाजला. आतून तियागो ओरडत होता, "शिक्का मारला! क्लारालाही!"

तेव्हा कुठं त्या गाडीत बसल्या. पनवेल येईपर्यंत गाडीवाल्याला सगळी हकिगत सांगून झाली होती. "परक्या मुलखाचं पोर," त्या म्हणाल्या, "पन कुनाला बोट ठेवायला जागा न्हाय ठेवली आमी."