डॉक्टर स्ट्रोड यांचं एकच बोर्ड

लीलँड स्ट्रोड एल्डन मिलमध्ये एकतीस वर्षं डॉक्टर आहेत. औषधं लिहितात, टाके घालतात, गावातली निम्मी तरुण मुलं त्यांच्या हातांत जन्मली. ते ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात शिकले, म्हणजे या सगळ्याबरोबर हातांनी सांधे आणि बरगड्या मोकळ्या करायलाही शिकले. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या या भागात त्याचं कुणाला नवल नाही. लोक आजोबांच्या काळापासून असेच डॉक्टर बघत आले आहेत.

१९९४ साली त्यांचं फॅमिली मेडिसिनचं प्रशिक्षण संपलं. ते सैन्याच्या रुग्णालयात झालं होतं आणि तिथलं प्रशिक्षण दोन्हीकडे चालायचं, त्यामुळे तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या दोन्ही बोर्डांची परीक्षा त्यांना देता आली असती. एक ऑस्टिओपॅथीचं, दुसरं अ‍ॅलोपॅथीचं.

"दोन्ही दे ना," पत्नी व्हर्ना म्हणाली. "एक फॉर्म जास्त भरलास तर बोटं झिजतील का?"

"सत्तर वर्षं त्या अ‍ॅलोपॅथीवाल्यांनी आम्हाला हाडं मोडणारे म्हणून हिणवलं. आता त्यांच्याच दारात शिक्का मागायला जाऊ?"

"शिक्काच आहे, ली. त्याच्याशी लग्न नाही लावायचं."

लीलँडनी आपल्याच बोर्डाची परीक्षा दिली. तिच्यात हातांचीही परीक्षा असे. उमेदवारांच्या जोड्या लावत. एकाने टेबलावर पडायचं, दुसऱ्याने उपचार करायचे, मग उलट. लीलँडच्या वाट्याला कर्टिस बोहॅनन आला. त्याची मान डावीकडे धरलेली. तीन मिनिटांत मोकळी झाली.

"अरे बाबा! आठ वर्षांनी उजवीकडे बघतोय!" कर्टिस ओरडला. परीक्षकही हसले.

जेवताना त्याने हळूच सांगितलं की दुसऱ्या बोर्डाचा फॉर्मही त्याने भरलाय. "कॉलेजात बोलू नकोस. कच्चा खातील मला."

लीलँड कुणाला बोलले नाहीत. त्यांच्या मनातून मात्र तो उतरला.

२०१९ साली गावचं रुग्णालय शहरातल्या एका मोठ्या कंपनीने घेतलं. नवा नियम आला: वॉर्डातले रुग्ण फक्त अ‍ॅलोपॅथीच्या बोर्डाचा डॉक्टरच बघेल. ज्यांच्याकडे ते प्रमाणपत्र नाही त्यांना ते मिळवायला मुदत दोन वर्षं. पण ती परीक्षा प्रशिक्षणानंतर ठरावीक वर्षांतच देता येते. लीलँडची वर्षं केव्हाच उलटली होती. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून प्रशिक्षण.

हे सांगायला कंपनीच्या समितीचा प्रमुख आला. कर्टिस बोहॅनन.

"नियम वरून आलाय, ली. मी फक्त वाचून दाखवतोय."

"तू माझ्यापुढे टेबलावर पडला होतास, कर्टिस. माझे हात तुला माहीत आहेत."

"फॉर्ममध्ये हातांचा रकाना नाही रे."

बोलताना त्याला उजवीकडे वळता येत नव्हतं, म्हणून तो अख्खी खुर्चीच वळवत होता. लीलँडनी ते पाहिलं, पण मान मोकळी करून देऊ का, असं विचारलं नाही. संध्याकाळी व्हर्नाला हे त्यांनी जरा समाधानाने सांगितलं. ती त्या न भरलेल्या जुन्या फॉर्मबद्दल काहीच बोलली नाही. ते त्यांना जास्त लागलं.

मुदत संपली आणि लीलँडना वॉर्ड बंद झाला, फक्त त्यांचा दवाखाना उरला. दरम्यान त्यांच्या स्वतःच्या बोर्डानेही हातांची परीक्षा ऐच्छिक करून टाकली.

गेल्या मार्चमध्ये त्यांची जुनी रुग्ण हेझल प्रुइट, वय एक्क्याऐंशी, न्यूमोनियाने दाखल झाली. लीलँड भेटायला गेले. दारातल्या मुलीने त्यांच्या कोटावर पाहुण्यांचं पिवळं स्टिकर चिकटवलं.

"आलास? पाठीखाली हात घालून बरगड्या मोकळ्या कर बघू," हेझल म्हणाली. "श्वास अडतोय."

लीलँडनी हात पुढे केला. नर्स मध्ये आली. "नको ना, डॉक्टर. माझी नोकरी जाईल."

"आता दुसरे डॉक्टर बघतात तुला, हेझल," लीलँड म्हणाले.

"बघतात ना. दारातूनच."

भेटीची वेळ संपेपर्यंत ते कोटाच्या खिशात हात घालून बसून राहिले.

नवव्या दिवशी हेझल घरी आली, ठणठणीत. तिच्या बरगड्यांना कुणी हात लावला नव्हता. आपल्याला आनंदच झाला, असं लीलँड सांगतात.