तंबोऱ्यासह कानाची तपासणी

नव्वदच्या दशकात माझे कान मंदावले. सत्कारातली भाषणं ऐकू येईनाशी झाली, याबद्दल तक्रार नव्हती. पण तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गंधारही हरवला आणि तंबोरा शिष्यांकडून लावून घ्यावा लागू लागला. गवयाला हे फार जड जातं.

ठाण्यात कानाचा साचा देऊन ऐकण्याचं यंत्र बनवून घेतलं. माणसं स्पष्ट बोलू लागली, तंबोरा मात्र पत्र्यासारखा वाजे. मग डोंबिवलीहून रिक्षाने तंबोराच घेऊन गेलो. शीळफाट्याच्या खड्ड्यांनी तारा उतरवल्या होत्या.

"काका, हा कशाला आणलात?" यंत्र बसवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"तक्रार याची आहे. मी नुसता सोबत आलोय."

त्या हसल्या. मग मी सूर जुळवायला तारेचा मणी सरकवायचा आणि त्यांनी यंत्रातला बारीक स्क्रू फिरवायचा, असं बराच वेळ चाललं. बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले. अखेर खर्जामागून गंधार आला, हलका, पण आपल्या जागी. तंबोरा मीच लावला होता.

"आता बोलणं जरा अस्पष्ट ऐकू येईल हं," बाई म्हणाल्या.

"चालेल," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात माझा सत्कार आहे."